इंग्लंडमधील जुनी रेक्टरी कशी पाहावी : बेळगाव-खानापूरकडील अभ्यासकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक घरांतली मुले आज इंग्लंडमध्ये शिकतात किंवा नोकरी करतात. त्यांच्याकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथल्या खेड्यांतून फिरताना ‘ओल्ड रेक्टरी’ अशी पाटी लावलेले, चर्चजवळचे, बागेत थोडे मागे सरून उभे असलेले एखादे भक्कम घर हमखास दिसते. इथे वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही अशा घरांची चित्रे आणि नकाशे अभ्यासावे लागतात. घर देखणे असते, त्यामुळे बहुतेक जण समोरून छायाचित्र घेतात, ‘जॉर्जियन शैली’ (साधारण १७१४ ते १८३० या काळातली सममित बांधणी) असा शिक्का मारतात आणि पुढे जातात. या लेखात त्यापलीकडे जाऊन अशा घराचा क्रमाने आणि पुराव्यानिशी अभ्यास कसा करावा, हे सांगितले आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. रेक्टरी हे कुणा मालकाचे घर नव्हते, ते पदाचे घर होते. पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गाव-वस्तीचा, धर्मगुरू म्हणजे रेक्टर. तो पदावर असेपर्यंत तिथे राहत असे. तो वारला किंवा बदलून गेला की घर पुढच्या रेक्टरच्या ताब्यात जाई. त्यामुळे त्या घरातली प्रत्येक वाढीव खोली, प्रत्येक बुजवलेले दार आणि प्रत्येक नवे छप्पर कुणाच्या पैशाने आणि कोणत्या नियमाखाली झाले, हा प्रश्न इतर कोणत्याही घरापेक्षा इथे अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि सुदैवाने त्याचे उत्तर कागदांत सापडण्याची शक्यताही इथेच अधिक असते.

पद आणि उत्पन्न आधी समजून घ्यावे

रेक्टरला पॅरिशमधील शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळत असे. धान्य, गवत आणि लाकूड यांचा मोठा दशमांश रेक्टरचा असे. जिथे तो मठाकडे किंवा जमीनदाराकडे गेलेला असे तिथल्या धर्मगुरूला, म्हणजे व्हिकरला, सामान्यतः किरकोळ दशमांशावर भागवावे लागे. याशिवाय पदाला जोडलेली ‘ग्लीब’ नावाची जमीन असे. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही व्यवस्था लगेच समजेल : उपभोग पदाधिकाऱ्याचा, पण विकण्याचा अधिकार त्याचा नाही.

घराच्या आवारात याच्या खुणा शोधाव्यात. दशमांश वस्तुरूपात येत होता तोपर्यंत रेक्टरला धान्याचे कोठार, मळणीची जागा, गोठे आणि गाड्या वळतील एवढे अंगण लागत होते, म्हणजे त्याचे घर निम्मे शेतकऱ्याचे होते. पुढे जमिनींचे कुंपणबंद फेरवाटप होताना अनेक ठिकाणी दशमांशाच्या बदल्यात रेक्टरला जमीनच देण्यात आली, आणि १८३६ च्या कायद्याने उरलेल्या दशमांशाचे रोख रकमेत रूपांतर झाले. त्यानंतर कोठाराचे मूळ काम संपले. म्हणूनच आज जिथे मोटार ठेवलेली दिसते ती इमारत कधी काळी घोडागाडीची जागा आणि त्याही आधी धान्याचे कोठार असू शकते. भिंतीतील हवेसाठी ठेवलेल्या अरुंद फटी आणि भरलेली गाडी आत जाईल अशा उंच, आता बुजवलेल्या दाराची रेषा दिसली की ही शंका बळावते. मुख्य घर पाहण्याच्या नादात या इमारतींकडे दुर्लक्ष करू नये. रेक्टरीला साध्या बंगल्यापासून वेगळे करणारा पुरावा पुष्कळदा तिथेच असतो.

आज उभ्या असलेल्या जुन्या रेक्टरींपैकी फार मोठा वाटा १८ व्या शतकाच्या अखेरीपासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत बांधलेल्या किंवा नव्याने उभारलेल्या घरांचा आहे, आणि त्याला कारणे आहेत. गरीब पॅरिशना मदत करणारा ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ हा निधी १७०४ मध्ये सुरू झाला. १७७६ च्या गिल्बर्ट कायद्याने धर्मगुरूला पदाच्या उत्पन्नावर कर्ज काढून घर बांधण्याची मुभा मिळाली. पूर्वी एकच धर्मगुरू अनेक पॅरिशचे उत्पन्न घेत असे आणि राहत भलतीकडेच असे; १८०३ आणि १८३८ च्या कायद्यांनी पॅरिशमध्येच राहण्याची सक्ती कडक केली. यॉर्कशरमधील फॉस्टन येथे सिडनी स्मिथ या प्रसिद्ध लेखक-धर्मगुरूला याच सक्तीमुळे स्वतःचे घर बांधावे लागले, आणि तो १८१४ मध्ये त्यात राहायला गेला. घर कधी बांधले हे ठरवताना केवळ शैलीकडे न पाहता या सालांकडेही पाहावे, कारण सुबत्ता, कर्जाची सोय आणि राहण्याची सक्ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच ही घरे मोठ्या संख्येने उभी राहिली.

जाण्याआधी घरबसल्या करायचे काम

ही तयारी बेळगावात बसूनही करता येते. इंग्लंडमधील संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था सांभाळते आणि ती इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. इमारतींना ग्रेड एक, ग्रेड दोन तारांकित आणि ग्रेड दोन असे दर्जे दिलेले असतात. यादीतील वर्णन जरूर वाचावे, पण तेच अंतिम मानू नये. जुन्या नोंदी इमारतीची ओळख पटावी एवढ्यासाठी थोडक्यात लिहिलेल्या असतात आणि त्या वेळी पाहणाऱ्याने आत पाऊलही टाकलेले नसणे शक्य असते. नोंदीत आतल्या भागाचा उल्लेख नाही याचा अर्थ आत पाहण्यासारखे काही नाही, असा कधीही घेऊ नये.

त्यानंतर नकाशे पाहावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (ब्रिटनचे सरकारी भूमापन खाते) नकाशे आजच्या नकाशावर बसवून दिलेले आहेत. तिथे घराची बाह्यरेषा नीट पाहून कागदावर उतरवून घ्यावी : मागे किती भाग जोडलेले होते, चर्चकडे जाणारी पायवाट कुठून होती, तबेला कोणत्या बाजूला होता. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले दशमांशाचे नकाशे त्याहून जुने आहेत. त्यांच्या तीन प्रती काढल्या जात, त्यांपैकी एक आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि इतर प्रती बहुधा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अभिलेखागारात मिळतात. नकाशासोबतच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा मालक, वहिवाटदार आणि वापर लिहिलेला असतो.

काउंटीच्या अभिलेखागारात तीन प्रकारचे कागद मागावेत. पहिला, ‘ग्लीब टेरिअर’, म्हणजे चर्चच्या जमिनीची आणि घराची वेळोवेळी घेतलेली नोंद. १७ व्या शतकातल्या अशा नोंदींत घराचे किती खण आहेत, छप्पर गवताचे की कौलांचे, कोणत्या खोलीत फळ्यांची जमीन आणि कोणत्या खोलीत मातीची, हे सांगितलेले आढळते. दुसरा, गिल्बर्ट कायद्याखालच्या कर्जाची कागदपत्रे. यांत पुष्कळदा आराखडा, अंदाजपत्रक आणि जुन्या घराची अवस्थाही मिळते. तिसरा कागद मला सर्वांत मोलाचा वाटतो. पायउतार होणाऱ्या रेक्टरने, किंवा तो वारला असल्यास त्याच्या वारसांनी, घराची राहिलेली दुरुस्ती भरून द्यावी असा नियम होता, आणि त्यावरून नवा रेक्टर व जुन्याचे वारस यांच्यात तंटे होत. अशा वेळी तपासनीस खोलीखोलीने फिरून कुजलेला उंबरा, फुटलेले तावदान, सुटलेली कौले असे सगळे लिहून काढत असे. घराचे इतके बारकाईचे वर्णन दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने झाले नसते.

१६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडमध्ये चुलींवर कर होता. त्याच्या याद्या उपलब्ध असतील तर त्या वेळच्या रेक्टरच्या नावापुढे किती चुली लिहिल्या आहेत ते टिपून ठेवावे आणि प्रत्यक्ष घरातील जुन्या धुराड्यांशी ताडून पाहावे.

प्रत्यक्ष पाहणी : मागच्या बाजूने सुरुवात

घरापाशी पोहोचल्यावर समोर फार वेळ घालवू नये. समोरची बाजू लोकांनी पाहावी म्हणून केलेली असते, आणि पैसा हाती आला की रेक्टर आधी तीच बदलत असे. खरे वय मागे आणि बाजूला कळते. पाच खिडक्यांची सममित, मधोमध दार असलेली विटांची सुबक दर्शनी भिंत पुढे, आणि मागे उतरते, जास्त तिरक्या पाख्यांचे छप्पर व लहान-मोठ्या खिडक्या, असे दिसले की नव्या तोंडामागे जुने घर असण्याची दाट शक्यता असते.

यासाठी घराच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहावे आणि दर्शनी भिंत बाजूच्या भिंतीला जिथे मिळते ती उभी रेषा जोत्यापासून वळचणीपर्यंत सावकाश पाहावी. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींत विटांचे थर एका पातळीत असतात आणि एकमेकांत दातासारखे अडकलेले असतात. पुढची भिंत नंतर चढवली असेल तर थरांची उंची जुळत नाही आणि कोपऱ्याजवळ वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसतो. पुढच्या बाजूला एकाच थरात विटेची लांब आणि आखूड बाजू आळीपाळीने आलेली असेल, तर ती फ्लेमिश रचना. बाजूच्या भिंतीत एक पूर्ण थर लांब बाजूंचा आणि पुढचा पूर्ण थर आखूड बाजूंचा असेल, तर ती इंग्लिश रचना. फ्लेमिश रचना देखणी समजली जाई, त्यामुळे ती फक्त पुढे आणि मागे साधे बांधकाम, अशी काटकसर पुष्कळ ठिकाणी केलेली असते. मात्र रचनेतला एवढा फरक पुरावा म्हणून पुरेसा नाही. सरळ सांधा आणि थरांचे न जुळणे या दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या पाहिजेत. केंट आणि ससेक्स या काउंट्यांत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण तिथे लाकडी सांगाड्यावर विटेसारखी दिसणारी कौले बसवून विटांच्या भिंतीचा भास निर्माण केलेला असतो.

विटांवर १७८४ ते १८५० या काळात नगावर कर होता, त्यामुळे काही ठिकाणी मोठ्या विटा वापरलेल्या आढळतात. म्हणून चार थरांची एकत्रित उंची दर्जांसह (विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांसह) मोजून लिहावी. एकेका विटेपेक्षा हे माप अधिक विश्वासाचे असते.

खिडक्यांबाबत घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह फार होतो. १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता, म्हणून बुजवलेली प्रत्येक खिडकी करामुळेच बुजवली असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक अनेक बुजलेल्या खिडक्या मुळातच तशा बांधलेल्या असतात, कारण आत धुराडे किंवा जिना आलेला असला तरी बाहेरची सममिती राखायची होती. बुजवणीच्या विटा आजूबाजूच्या भिंतीत गुंतलेल्या आहेत की नुसत्या भरलेल्या आहेत हे पाहिले की उत्तर मिळते. वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांत तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर खिडकी बहुधा जुनी, १८ व्या शतकाच्या पूर्वार्धातली. या पट्ट्या काळाबरोबर बारीक होत गेल्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि मोठ्या काचा स्वस्त झाल्या, त्यामुळे एकसंध मोठ्या काचेची खिडकी आणि वरच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून खाली आलेली छोटी लाकडी शिंगे दिसली की १९ व्या शतकाचा उत्तरार्ध समजावा. अर्थात हे वय खिडकीचे आहे, भिंतीचे नव्हे.

आत जाण्याची संधी मिळाली तर

आत गेल्यावर प्रथम ‘स्टडी’, म्हणजे रेक्टरची अभ्यासिका, शोधावी. प्रवचन लिहिणे, नोंदवह्या सांभाळणे आणि पॅरिशमधल्या माणसांना भेटणे ही कामे तिथे होत. व्हिक्टोरियन काळातल्या (राणी व्हिक्टोरियाच्या, १८३७ ते १९०१) आराखड्यांत या खोलीजवळ वेगळे बाहेरचे दार दिलेले आढळते, जेणेकरून मृत्यूची वर्दी द्यायला किंवा लग्नाची तारीख ठरवायला आलेल्या गावकऱ्याला दिवाणखान्यासमोरून जावे लागू नये. एकाच छपराखाली कचेरी आणि कुटुंब यांना वेगळे ठेवण्याची ही योजना रेक्टरीची खास ओळख आहे. मुख्य जिना, नोकरांचा मागचा जिना, स्वयंपाकघर आणि थंड कोठी यांचा एकमेकांशी असलेला संबंध कागदावर काढून घ्यावा.

त्यानंतर, परवानगी असेल आणि जागा सुरक्षित असेल तर, छपराखालच्या पोकळीत डोकावावे. मध्ययुगीन घरांत मधल्या उंच दालनात जमिनीवरच आगटी असे आणि धूर छपरातून बाहेर पडे. पुढे धुराडे बांधले, मध्ये मजला घातला आणि दालन दिसेनासे झाले, पण वरचे वासे काजळलेलेच राहिले. खानापूरकडच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरचे वासे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत त्यांना तो चकचकीत, चिकट काळेपणा लगेच ओळखता येईल. असा एक वासा सापडला तर समोरच्या साऱ्या जॉर्जियन थाटाचे वय मागे जाते. सांध्यांपाशी सुतारांनी कोरलेले रोमन आकडेही पाहावेत. ते क्रमाने लागत असतील तर सांगाडा मूळ जागीच उभा आहे असे मानायला आधार मिळतो, आणि क्रम तुटला असेल तर लाकूड दुसरीकडून आणून पुन्हा वापरल्याची शक्यता तपासावी लागते.

कोणती घरे आधी पाहावीत

धर्मगुरूंची जी घरे संग्रहालय म्हणून किंवा संस्थेच्या ताब्यात असल्यामुळे लोकांना आतून पाहता येतात, त्यांवर आधी नजर तयार करावी. लिंकनशरमधील एपवर्थची जुनी रेक्टरी १७०९ च्या आगीनंतर विटांनी नव्याने बांधली गेली. त्या आगीतून वाचवलेला मुलगा जॉन वेस्ली पुढे ख्रिस्ती धर्मातील मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक झाला, त्यामुळे बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीला या घराविषयी वेगळीच आस्था वाटेल. ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथील १४ व्या शतकातले लाकडी सांगाड्याचे, गवताच्या छपराचे घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतले. ती त्या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत होय. यॉर्कशरमधील हावर्थचे धर्मगुरूनिवास १७७० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले आणि प्रसिद्ध कादंबरीकार ब्राँटे भगिनी तिथे वाढल्या. तिथे सममित मूळ घर आणि १९ व्या शतकात पुढच्या धर्मगुरूने एका बाजूला जोडलेला त्रिकोणी माथ्याचा भाग बाहेरून स्पष्ट वेगळे दिसतात, म्हणून जोडकाम ओळखण्याच्या सरावाला ते फार चांगले आहे. काटेकोर बोलायचे तर आल्फ्रिस्टन आणि हावर्थ या रेक्टरी नव्हेत, पण पाहण्याची रीत तीच राहते.

सममिती सोडून खोल्यांच्या गरजेप्रमाणे बाह्यरूप ठरवण्याची पद्धत कशी आली हे समजून घ्यायचे असेल, तर ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथ येथे विल्यम बटरफिल्ड या वास्तुरचनाकाराने १८४४-४५ मध्ये बांधलेल्या धर्मगुरूनिवासाची छायाचित्रे अभ्यासावीत.

दिशा, चुना आणि इथला सराव

आपल्याकडच्या नजरेने पाहताना एक बाब हटकून चुकते. इंग्लंडमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो आणि हिवाळ्यात तो फार खाली असतो, म्हणून दिवाणखाना शक्यतो दक्षिणेकडे आणि थंड कोठी उत्तरेकडे ठेवतात. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि खरी काळजी पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाची घ्यावी लागते. त्यामुळे इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि पाद्र्यांनी बेळगावच्या कॅम्प (लष्करी छावणी) भागात राहायला घेतलेल्या बंगल्यांत खोल व्हरांडा, उंच छत आणि रुंद वळचण आली. रेक्टरीचा आराखडा हाती घेताच त्यावर उत्तर दिशेचा बाण काढावा आणि मगच खोल्यांच्या जागांची कारणे शोधावीत.

दुसरी बाब चुन्याची. जुन्या इंग्लिश भिंतींच्या दर्जा चुन्याच्या असतात आणि भिंतीतली ओल त्यांतून बाहेर पडते. २० व्या शतकात अनेक ठिकाणी त्या दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या. मग ओल विटेतून बाहेर पडू लागली, थंडीत गोठली आणि विटांचे पापुद्रे निघाले. दर्जा ताठ, करड्या आणि विटेपेक्षा पुढे आलेल्या दिसल्या, तर ती अलीकडची दुरुस्ती म्हणून नोंदवावी. आपल्या जांभ्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला की तो फुगून सुटतो, हे खानापूर तालुक्यातल्या कोणत्याही जाणत्या गवंड्याला ठाऊक असते. गोठण्याचा भाग सोडला तर कारण एकच आहे.

म्हणूनच इंग्लंडला जाण्यापूर्वी आपल्याच भागातले एखादे जुने घर मोजून पाहावे. ओळंबा, पाणसळ, लांब टेप आणि चौकटीचा कागद एवढे साहित्य पुरेसे आहे. कॅम्पमधील इमारत निवडली तर तो लष्करी हद्दीचा भाग असल्याने लेखी परवानगी घेतल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

परवानगी आणि नोंद

२० व्या शतकात चर्चने मोठी, सांभाळायला महाग झालेली घरे विकून धर्मगुरूंसाठी लहान घरे बांधली, त्यामुळे आजच्या बहुतेक जुन्या रेक्टरी खासगी निवासस्थाने आहेत. फाटकातून आत जाण्यापूर्वी पत्र लिहून विचारावे, आणि आतील छायाचित्रे मालकाच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत. दर सप्टेंबरमध्ये ‘हेरिटेज ओपन डेज’, म्हणजे एरवी बंद असलेल्या वास्तू लोकांना खुल्या ठेवण्याचे दिवस, असतात, आणि ‘नॅशनल गार्डन स्कीम’खाली अनेक जुन्या रेक्टरींच्या बागा ठरावीक दिवशी खुल्या होतात, बागेतून घराच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती निवांत पाहायला मिळतात, जे रस्त्यावरून शक्य होत नाही.

टिपण लिहिताना प्रत्येक विधानापुढे ते डोळ्यांनी पाहिले, कागदात वाचले की अनुमान केले, हे तिथल्या तिथे नमूद करावे. ‘मागचा भाग १७ व्या शतकातला’ असे न लिहिता ‘मागच्या भागाचे पाखे तिरके, कोपऱ्यात सरळ सांधा, नोंदीत चार चुली, म्हणून दर्शनी भागापेक्षा जुना असावा’ असे लिहावे. मापांचा आराखडा, तारीख आणि हवामान यांसह टिपणाची एक प्रत घरमालकाला आणि एक काउंटीच्या अभिलेखागाराला द्यावी.